याचकापासून सेवार्थीपर्यंत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी दोन याद्या छापल्या जातात. पहिली देणगीदारांची आणि दुसरी मंडळाकडून साहाय्य मिळालेल्या कुटुंबांची. देणगीदारांची नावे छापणे हे कृतज्ञतेचे कर्तव्य आहे, याविषयी कोणाचे दुमत असणार नाही. दुसरी यादी छापावी की न छापावी, हा प्रश्न मात्र अलीकडे आमच्या मनास सतत टोचत आहे. तो का, हे सांगण्याकरिताच हा लेखनप्रपंच आहे. त्यासाठी एक छोटी हकीकत व एक मोठा इतिहास अशा दोन्ही गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्या लागतील.

प्रथम हकीकत. आमचे वास्तव्य कळंब्यास आहे. कोल्हापूरकरांस हे गाव दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे. एक, कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी साठविणारा व पिढ्यान्पिढ्या शहराची तहान भागविणारा तलाव; आणि दुसरी, मध्यवर्ती कारागृह. मुलाखतीच्या दिवशी कारागृहाच्या दाराशी पिशव्या घेऊन ताटकळणारी बायकामाणसे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. काही वर्षांपूर्वी त्या गर्दीत आपल्याच समाजातील एक भगिनी आम्हांस दिसली. पती कच्चा कैदी म्हणून आत होता, आणि खटल्याच्या व मुलाखतीच्या सोयीसाठी तिने मुलीसह कळंब्यातच एक खोली भाड्याने घेतली होती. आम्ही ही गोष्ट मंडळाच्या कानावर घातली. मंडळाने तत्परतेने तिला शिवणयंत्र देण्याचे ठरविले. वार्षिक मेळाव्यात, भरल्या सभेत, ते तिच्या स्वाधीन करण्यात आले. व्यासपीठावरून बोलताना एका सद्गृहस्थांनी, निव्वळ कळवळ्यापोटी, तिचा पती कोठे आहे याचाही उल्लेख केला. छायाचित्र निघाले व पुढे ते छापलेही गेले.

दोनच महिन्यांत तिने ते यंत्र विकले. मंडळात नाराजी पसरली. 'केलेल्या मदतीची किंमत नाही' हे वाक्य आम्ही स्वतः उच्चारले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढे काय उलगडले ते लेखाच्या शेवटी सांगू. वाचकांनी ओळखण्याचा प्रयत्न करू नये म्हणून तपशील थोडा बदलला आहे, आणि ही हकीकत त्या भगिनीच्या संमतीनेच येथे येत आहे.

आपली जुनी पुंजी

संकटात सापडलेल्यास हात देणे हा विचार आपणांस कोणी परक्याने शिकविलेला नाही. अन्नछत्रे, धर्मशाळा, पाणपोया, वारकऱ्यांची पंगत ही आपली जुनी परंपरा होय. तथापि या परंपरेत देणाऱ्याच्या पुण्याचा हिशेब जेवढा काटेकोर असे, तेवढा घेणाऱ्याच्या पुढील आयुष्याचा नसे. घेणारा हा याचक होता. एक वेळचे जेवण पदरात पडले की त्याचा व दात्याचा संबंध संपत असे.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात हा विचार बदलू लागला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, त्यांची वाच्यता होणार नाही, असे आश्वासन देऊन त्यांनी हे दार उघडले. येणाऱ्या स्त्रीस तिच्या पापाचा जाब विचारावयाचा नाही आणि तिचे नाव बाहेर फोडावयाचे नाही, ही दोन पथ्ये त्यांनी पाळली. याच पथ्यांना पुढे समाजकार्याच्या शास्त्रात तत्त्वांची नावे मिळाली. त्या नावांची आवश्यकता फुले दांपत्यास भासली नव्हती. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापन करून १९०० साली हिंगण्यास नेलेल्या अनाथ बालिकाश्रमात, किंवा रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनात, विधवेस केवळ आसरा देऊन भागविले गेले नाही. तिला शिक्षिका वा परिचारिका करून स्वतःच्या पायांवर उभे करणे हे ध्येय होते.

आणि आपल्या करवीर नगरीचा वाटा तर अलौकिकच म्हणावा लागेल. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ सालच्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची जी मालिका उभी केली, तिच्यात जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी इत्यादी अनेक समाजांची वसतिगृहे निघाली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. आपल्यासारखी ज्ञातिमंडळे आज ज्या पायावर उभी आहेत तो पाया हाच. महाराजांची दृष्टी अशी होती की, खेड्यातील मुलगा शिकत नाही तो बुद्धी नसल्यामुळे नव्हे. शहरात पाठ टेकावयास जागा नाही म्हणून शिकत नाही. हे एकदा कळल्यावर त्याच्या हाती दक्षिणा ठेवण्याऐवजी त्यास जागा देणे हाच उपाय ठरतो. कोल्हापुरात शिकत असता येथील जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. ज्ञातीच्या वसतिगृहाचा उंबरठा ओलांडून त्यांनी सर्वांस एका पंक्तीस बसविले, आणि श्रम करून शिकण्याचा धडा घालून दिला. ज्ञातिमंडळाच्या पुस्तकात ही आठवण मुद्दाम नोंदविली पाहिजे.

सेवेची शाळा

येथपर्यंत सर्व कार्य थोर व्यक्तींच्या अंतःप्रेरणेने चालले. पण अंतःप्रेरणा वारसाहक्काने मिळत नाही. संस्थापकाच्या पश्चात संस्था चालविणाऱ्या सामान्य माणसाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच सेवेच्या शिक्षणाची कल्पना जन्मास आली.

तिचा उगम पाश्चात्त्य औद्योगिक शहरांत आहे. लंडनमध्ये १८६९ साली दानधर्म करणाऱ्या संस्थांचे संघटन करणारी एक सोसायटी स्थापन झाली. एकाच कुटुंबास चार ठिकाणांहून मदत मिळावी आणि शेजारचे घर उपाशी राहावे, हा गोंधळ थांबविण्यासाठी तिने घरोघर जाऊन चौकशी करण्याची पद्धत पाडली. तिच्या चौकशीत संशयाचा दर्प पुष्कळ होता, व 'लायक' आणि 'नालायक' गरीब अशी वर्गवारीही होती. अमेरिकेतील अशाच संस्थांतून काम केलेल्या मेरी रिचमंड या विदुषीने १८९७ साली असे प्रतिपादिले की या कामासाठी रीतसर शिक्षण देणारी शाळाच हवी. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्क येथे उन्हाळी वर्ग सुरू झाला. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या रिचमंडबाईंच्या 'सोशल डायग्नोसिस' या ग्रंथाने चौकशीचे रूपच बदलले. वैद्य ज्याप्रमाणे औषध देण्यापूर्वी नाडी पाहतो, त्याप्रमाणे मदत देण्यापूर्वी त्या माणसाची परिस्थिती, नातीगोती, बळे व उणिवा समजून घ्याव्यात, असा त्या ग्रंथाचा रोख होता. ज्या चौकशीचा हेतू माणूस पारखण्याचा होता, तिचा हेतू आता माणूस समजून घेण्याचा झाला.

मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये इत्यादी कामे उभी केली होती. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे १९२५ साली हिंदुस्थानात आले आणि त्यांनी नागपाड्याच्या दाट वस्तीत 'नेबरहुड हाऊस' हे केंद्र चालविले. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्तनिधीच्या आश्रयाने १९३६ साली याच नागपाड्यात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी शाळा निघाली. या देशातील ही पहिली अशी शाळा होय. १९४४ साली तिचे 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' असे नामकरण झाले, १९५४ साली ती देवनारच्या वास्तूत गेली व १९६४ साली तिला विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला. त्यानंतर १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन, १९५८ साली नागपुरात मातृसेवा संघाचे महाविद्यालय आणि १९६३ साली पुण्यात महर्षी कर्व्यांचे नाव धारण करणारी संस्था अशी ही परंपरा महाराष्ट्रात पसरली. नागपूरचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली सुरू केलेल्या प्रसूतिगृहाच्या संस्थेस, सेवा करता करता, सेवा शिकविण्याची गरज जाणवली. आपल्या कोल्हापुरातही, १९७६ साली स्थापन झालेल्या व लोकांच्या तोंडी 'सायबर' या नावाने रूढ झालेल्या छत्रपती शाहू संस्थेत या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय झाली.

काय शिकविले जाते?

सेवा ही काय शिकवून येणारी गोष्ट आहे, असे आपल्यातील वडीलधारे विचारतात. आम्हीही पूर्वी तसेच विचारीत असू. म्हणून या शिक्षणात काय असते ते थोडक्यात सांगणे इष्ट वाटते.

या शिक्षणाचे तीन मुख्य भाग पूर्वापार मानले गेले आहेत. एकेका माणसास त्याच्या अडचणीत साहाय्य करणे हे व्यक्तिसहाय कार्य. समदुःखी वा समवयस्क माणसांच्या गटातून प्रत्येकाची वाढ साधणे हे गटकार्य. आणि वस्तीने आपल्या गरजा ओळखून एकत्र येणे हे समुदाय संघटन. वर्गातील व्याख्यानांइतकेच महत्त्व क्षेत्रकार्यास असते. विद्यार्थी आठवड्यातील ठरावीक दिवस एखाद्या रुग्णालयात, बालगृहात वा वस्तीत जातो. तेथे झालेले संभाषण घरी येऊन लिहून काढतो. आणि मार्गदर्शक त्यास त्यावर प्रश्न विचारतात. 'त्या बाई गप्प झाल्या तेव्हा तू घाईने का बोललास?' असा प्रश्न कोणा पदाधिकाऱ्यास आजवर कोणी विचारला असेल असे आम्हांस वाटत नाही.

शिकागोचे धर्मोपदेशक व अध्यापक फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ साली साहाय्य करणाऱ्या व घेणाऱ्यातील नात्याची सात तत्त्वे मांडली. प्रत्येक माणूस निराळा मानावा. त्यास मनातले बोलू द्यावे. कळवळा असावा पण तो आवरलेला असावा. माणूस आहे तसा स्वीकारावा. त्याच्यावर निवाडा देऊ नये. निर्णय त्याचा त्यास घेऊ द्यावा. आणि त्याचे गुपित राखावे. ही तत्त्वे जगभरच्या शाळांतून शिकविली गेली. ज्यास साहाय्य द्यावयाचे त्याचे नावच मराठीत बदलले. आता तो याचक नव्हे, लाभार्थीही नव्हे. तो 'सेवार्थी' झाला. वकिलाकडे जाणारा पक्षकार जसा मान खाली घालून जात नाही, तसाच सेवार्थीही संस्थेकडे आपल्या कामासाठी येतो, हा त्या शब्दामागील आशय आहे.

या शिक्षणाने संस्थांचे काम कसे पालटले, याची उदाहरणे थोडी नाहीत. टाटा संस्थेने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र उघडले. जे मूल तोपर्यंत घरी 'हट्टी' व शाळेत 'वाया गेलेले' ठरत असे, त्याच्या वागण्यामागचे कारण तेथे शोधले जाऊ लागले. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. क्षयाचा रुग्ण औषध मध्येच का सोडतो, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या छातीत नसून घरच्या चुलीशी असते, ही गोष्ट रुग्णालयाच्या ध्यानी येऊ लागली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि या शाळांतून शिकलेली माणसे कारखान्यांतही जाऊ लागली.

कारागृहाच्या भिंतीपाशी

कळंब्याच्या रहिवाशास यातील सर्वांत जवळचा भाग कारागृहाचा होय. याही क्षेत्रात आपल्या मुलखाचा पूर्वेतिहास अभिमानास्पद आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंद्यांची खुली वसाहत निघाली. तेथे भिंती नव्हत्या. शेती करीत, कुटुंबासह राहत, शिक्षा भोगणारा माणूस पुन्हा माणसांत येऊ शकतो हा विश्वास त्या प्रयोगामागे होता. याच प्रयोगावरून कोल्हापूरच्या मातीतले व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निर्माण केला, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. १९३८ च्या मुंबई प्रांताच्या व १९५८ च्या केंद्रीय कायद्याने परिविक्षेची, म्हणजे गुन्हेगारास तुरुंगाऐवजी देखरेखीखाली समाजातच ठेवण्याची, सोय झाली. ही देखरेख ज्या परिविक्षा अधिकाऱ्याने करावयाची, त्यास पोलिसाची नजर असून चालत नाही. त्यासाठी लागणारी दृष्टी समाजकार्याच्या शिक्षणाने दिली. टाटा संस्थेने १९९० साली 'प्रयास' हा प्रकल्प सुरू करून प्रशिक्षित समाजसेवक मुंबईच्या कारागृहात कच्च्या कैद्यांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी कामास लावले.

कळंब्याच्या बंद्यांनी वळलेले लाडू काही काळ अंबाबाईच्या देवळात प्रसाद म्हणून भाविकांच्या हाती पडत असत. तो प्रसाद आपण मस्तकी लावला. परंतु त्या हातांच्या मालकांची मुलेबाळे कोणत्या शाळेत, कोणत्या मनःस्थितीत बसतात, याची विचारपूस आपल्यापैकी कितीजणांनी केली?

या शिक्षणाचे दोष

एकच बाजू मांडणे इतिहासलेखनास शोभत नाही. समाजकार्याच्या शिक्षणावर आक्षेपही घेतले गेले आहेत, आणि त्यातील काही त्याच शाळांतील अध्यापकांनी घेतले आहेत. पहिला आक्षेप असा की, अमेरिकेतील शहरी माणसाकरिता रचलेली पद्धत येथे जशीच्या तशी आणली गेली. ज्या देशात दुःखाचे मूळ दारिद्र्यात, जातिभेदात व जमिनीच्या विषम वाटपात आहे, तेथे एकेका माणसाशी सहानुभूतीने बोलून किती साधणार? शाहू महाराजांनी दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याची किंवा शिक्षणास मुकलेल्या मुलाची समजूत घातली नाही; त्यांनी व्यवस्थाच बदलली. टाटा संस्थेचे १९६२ ते १९८२ या काळातील संचालक डॉ. मा. स. गोरे यांनी पुढे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या कार्यावर ग्रंथ लिहिला, ही घटना आम्हांस अर्थपूर्ण वाटते. सेवेचे आधुनिक शास्त्र शिकविणाऱ्यासही अखेर आपल्या मातीतील समाजसुधारकांकडे वळावेसे वाटले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. शिक्षित कार्यकर्ता आला की फायली वाढतात, अहवाल वाढतात, आणि पगारी माणूस आहे म्हणून स्वयंसेवक घरी बसतो. हे आम्ही पाहिले आहे. आपल्या मंडळातील वृद्ध सभासद मध्यरात्री रुग्णालयात धावून जातात, ती धाव कोणत्याही अभ्यासक्रमाने निर्माण होणार नाही. शास्त्रास जिव्हाळ्याची जागा घेता येत नाही हे खरे. पण जिव्हाळाही अज्ञानी असला तर घाव घालतो. या दुसऱ्या वाक्याचा पुरावा म्हणून आरंभी सोडलेली हकीकत पुरी करतो.

राहिलेली हकीकत

यंत्र विकल्याचा बोभाटा झाल्यावर, समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेत असलेली आपल्याच समाजातील एक कन्या म्हणाली, 'काका, मी एकदा त्यांच्याकडे जाऊन बसू का?' ती गेली. एकदा नव्हे, चार वेळा गेली. पहिल्या दोन भेटींत तिने पैशाचा विषयच काढला नाही. तिसऱ्या भेटीत त्या भगिनीने सांगितले की तिला शिवण येतच नव्हते. तिचे आयुष्य गुऱ्हाळावरच्या मजुरीत गेले होते. तिला यंत्र हवे आहे का, असे आम्ही कोणी विचारलेच नव्हते. सभेत नको म्हणण्याचे धैर्य तिला झाले नाही. यंत्र विकून तिने खोलीचे थकलेले भाडे दिले. पण खरी गोष्ट पुढेच होती. स्मरणिकेतील छायाचित्र मुलीच्या वर्गात कोणीतरी नेले होते. आठवीतील त्या मुलीने त्यानंतर शाळेत पाऊल टाकले नव्हते.

हे ऐकून आमची मान खाली गेली. मंडळाने ज्या गोष्टीचा अहवालात अभिमानाने उल्लेख केला होता, तिने एका मुलीची शाळा बंद केली होती.

त्या कन्येने पुढे जे केले ते फार मोठे नव्हते. कोठडीतील व्यक्तीस व स्त्रियांस १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याप्रमाणे तिने त्या भगिनीस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार दाखविले. स्वतः अर्ज लिहून न देता शेजारी बसून तिच्याकडून लिहवून घेतला. पालक कारागृहात असलेल्या मुलांसाठी शासनाची बालसंगोपन योजना आहे, याची माहिती दिली. मुलीस दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकावयाचे आहे की येथेच, हे तिने मुलीस विचारले. मुलगी दुसऱ्या गावी गेली. तिचे शुल्क मंडळाने भरले, आणि या वेळी त्याची नोंद केवळ हिशेबाच्या वहीत झाली.

मंडळास विनंती

इतिहासाचे अवलोकन पुढील वाट दिसावी म्हणूनच करावयाचे असते. सबब, समाजबांधव व भगिनींपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवीत आहोत. पहिली, साहाय्य घेणाऱ्यांची नावे व छायाचित्रे स्मरणिकेत छापण्याची प्रथा बंद करावी. आकडा व प्रयोजन एवढेच प्रसिद्ध व्हावे, म्हणजे देणगीदारांस हिशेबही मिळेल आणि कोणाची अब्रूही जाणार नाही. दुसरी, साहाय्य मंजूर करण्यापूर्वी मंडळाच्या दोन व्यक्तींनी, त्यात एक स्त्री असावी, त्या घरी जाऊन काय हवे आहे हे त्या माणसाच्याच तोंडून ऐकावे. तिसरी, गुणवंत विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीत वैद्यकी व अभियांत्रिकीप्रमाणे समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींसाठीही एक जागा ठेवावी, आणि शिक्षण चालू असता त्यांनी मंडळाच्या साहाय्य समितीत बसावे.

पूर्वजांनी आपणांस वसतिगृह दिले, निधी दिला, एकमेकांच्या दुःखात धावून जाण्याची सवय दिली. त्या सवयीस ऐकून घेण्याची शिस्त जोडणे हे आपल्या पिढीचे काम आहे. या अंकातील दुसरी यादी चाळताना वाचकांनी क्षणभर थांबून त्या नावांच्या घरी हे पुस्तक कोण उघडील, याचा विचार करावा. तेवढ्याने या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.